एक माणूस, एक कार्यक्रम, पंचावन्न वर्षं: पॅट्रिक मूर यांनी आकाश कसं दाखवलं

२४ एप्रिल १९५७ च्या रात्री साडेदहा वाजता बीबीसीवर 'द स्काय ॲट नाइट' हा कार्यक्रम पहिल्यांदा लागला. सादरकर्ते होते चौतीस वर्षांचे पॅट्रिक मूर. महिन्यातून एकदा लागणारा हा कार्यक्रम तेव्हा मोजक्या भागांसाठी ठरला होता. मूर यांचा शेवटचा भाग दाखवला गेला ७ जानेवारी २०१३ रोजी. त्याच्या चार आठवडे आधी, ९ डिसेंबर २०१२ ला, ते गेले होते. मधल्या पंचावन्न वर्षांत सातशेहून अधिक भाग झाले आणि मूर यांचा फक्त एक भाग चुकला. एकाच सादरकर्त्याने एकच कार्यक्रम इतका काळ चालवल्याचं दुसरं उदाहरण टीव्हीच्या इतिहासात नाही.

याचं कारण विचारलं की लोक त्यांच्या व्यक्तिमत्त्वाकडे बोट दाखवतात. एका डोळ्यावर लावायची काच, वर चढलेली भुवई, ढगळ सूट, तोफेसारखं सुटणारं बोलणं. हे सगळं होतंच, आणि लोक त्यासाठीही टीव्ही लावत. पण अशा लकबींवर पाच-दहा वर्षं निघतात, पंचावन्न निघत नाहीत. कार्यक्रम टिकला तो दोन गोष्टींवर: आकाशाचं स्वतःचं वेळापत्रक, आणि लहानपणापासून भरत आलेली मूर यांची निरीक्षणांची वही.

आधी वेळापत्रक. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही रोज सुमारे एक अंश पुढे सरकते. त्यामुळे कोणताही तारा आज ज्या वेळी उगवला त्याच्या चार मिनिटं आधी उद्या उगवतो. रोजचा फरक कुणाला जाणवत नाही. तीस दिवसांत मात्र चार मिनिटांचे दोन तास होतात, आणि रात्री त्याच वेळी वर पाहिलं तर आकाश तीस अंश पश्चिमेला सरकलेलं असतं. दर आठवड्याला कार्यक्रम केला असता तर सांगण्याजोगा बदल झालेला नसता. तीन महिन्यांनी केला असता तर काही नक्षत्रं न दाखवताच मावळली असती. महिना हा अंतराचा बरोबर मेळ होता.

तारे बारा महिन्यांनी जागेवर परत येतात, मग दुसऱ्या वर्षी तेच सांगायचं का? इथे ग्रह मदतीला येतात. ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला, म्हणजे प्रतियुती झाली, की तो रात्रभर दिसतो आणि सगळ्यांत तेजस्वी असतो. शनीची प्रतियुती सरासरी ३७८ दिवसांनी येते, गुरूची ३९९ आणि मंगळाची ७८० दिवसांनी. शुक्राचं पहाटतारा-सांजतारा हे चक्र ५८४ दिवसांचं. यातला एकही आकडा ३६५ शी जुळत नाही. शिवाय मंगळाची प्रत्येक प्रतियुती सारखी नसते. २००३ मध्ये तो पृथ्वीपासून सुमारे ५.६ कोटी किलोमीटरवर होता, तर वाईट प्रतियुतीत तो १० कोटी किलोमीटरवर राहतो आणि लहान दुर्बिणीत नुसता तांबूस ठिपका दिसतो. त्यात चंद्राच्या कला, ग्रहणं, उल्कावर्षाव आणि न सांगता उगवणारे धूमकेतू धरले की कोणतेही दोन महिने एकसारखे होत नाहीत.

पहिल्याच भागाच्या वेळी असा एक पाहुणा आकाशात होता: आरेंड-रोलंड धूमकेतू. त्याची एक गंमत मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. धूमकेतूचं शेपूट नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतं. पण त्या आठवड्यात याला दुसरं, सुईसारखं टोकदार शेपूटही दिसत होतं आणि ते सूर्याकडे वळलेलं वाटत होतं. धूमकेतूने मागे टाकलेली धूळ त्याच्या कक्षेच्या पातळीत पातळ चादरीसारखी पसरलेली असते. २५ एप्रिलच्या सुमारास पृथ्वी त्या पातळीतून गेली. चादर कडेने पाहिली की ती रेघ दिसते, तसंच हे झालं. पृथ्वी पुढे सरकली आणि आठवडाभरात ती सुई नाहीशी झाली. आकाशावरच्या मासिक कार्यक्रमाला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता.

आता अडचण पाहा. आकाशाच्या कार्यक्रमात आकाश दाखवताच येत नव्हतं. १९५७ चं ब्रिटिश टीव्हीचं चित्र ४०५ ओळींचं होतं आणि सेकंदाला पंचवीस चित्रं जात. म्हणजे कॅमेऱ्याला प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा पंचविसावा भाग मिळे. तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाचा, फोटो काढायला फोटोची काच त्याच्यासमोर कित्येक मिनिटं, कधी काही तास उघडी ठेवावी लागे. चंद्र एवढा उजळ की तो कॅमेऱ्यात यायचा. ग्रह मात्र हवेच्या थरथरीत इवलेसे नाचत, आणि मंद तारे, आकाशगंगा वगैरे तर दिसतच नसत. त्यात इंग्लंडचे ढग. कार्यक्रम थेट असेल तर ढग हटण्याची वाट बघायची सोयही नाही. मग पडद्यावर उरे एक माणूस, एक नकाशा, चंद्राचा एक गोल आणि वेधशाळांनी काढलेले काही फोटो. सगळा भार बोलण्यावर.

म्हणूनच मूर यांची पद्धत महत्त्वाची आहे. समोर अक्षरं सरकवणारं यंत्र ते वापरत नसत. विषय डोक्यात पक्का आणि वाक्यं तिथल्या तिथे जुळवलेली. दिशा सांगताना ते आकडे आणि कोन यांत शिरत नसत. आधी कुणालाही सापडेल अशी एक खूण द्यायची आणि तिथून उड्या मारत न्यायचं. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे ओढला की स्वाती येते. मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी. अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कोनमापक नसतो, हे ध्यानात ठेवून केलेली ही मांडणी आहे. नवशिक्यांना आकाश दाखवताना आजही हीच रीत चालते.

वहीचं महत्त्व कळायला चंद्राकडे वळावं लागेल. चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे असते, म्हणून आपल्याला अर्धा चंद्र दिसत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ५९ टक्के दिसतो. चंद्र स्वतःभोवती एकसारख्या गतीने फिरतो, पण त्याची कक्षा लंबगोल असल्याने पृथ्वीभोवती तो कधी भरभर तर कधी सावकाश जातो. या दोन गतींचा ताळमेळ थोडा चुकत राहतो आणि चंद्र आपल्याला 'नाही' म्हणत मान हलवल्यासारखा दोन्ही बाजूंना जवळजवळ आठ अंश वळलेला दिसतो. त्याचा आस सुमारे पावणेसात अंश कललेला असल्यामुळे तो 'हो' म्हटल्यासारखा वर-खालीही होतो. या डोलण्याला लिब्रेशन म्हणतात. त्यामुळे कडेचा चिंचोळा पट्टा काही दिवस पुढे येतो आणि परत लपतो. या पट्ट्यातली विवरं इतकी तिरपी दिसतात की वर्तुळाची रेघ होते. एखाद्या विवरावर लिब्रेशन अनुकूल हवं, त्याच वेळी तिथे ऊनही तिरकं हवं आणि आकाशही मोकळं हवं. तिन्ही जुळायला कधी कधी वर्ष लागतं. या कामात मोठ्या वेधशाळांना रस नव्हता. मूर यांनी हाच पट्टा निवडला.

याची सुरुवात फार लवकर झाली होती. १९३४ मध्ये, अकराव्या वर्षी, ते ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे सभासद झाले. तेराव्या वर्षी त्यांनी तिथे निबंध दिला तो मेअर क्रिसियममधल्या बारक्या विवरांवर. मेअर क्रिसियम म्हणजे चंद्राच्या उजव्या कडेजवळ नुसत्या डोळ्यांनीही दिसणारा अंडाकृती काळा डाग. पुढे दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात नॅव्हिगेटर होते. युद्धानंतर केंब्रिजला जायची संधी त्यांनी घेतली नाही. काही वर्षं शाळेत शिकवलं, १९५३ मध्ये चंद्रावरचं पुस्तक आलं आणि बीबीसीचे निर्माते पॉल जॉन्स्टन यांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. खगोलशास्त्राची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

४ ऑक्टोबर १९५९ रोजी सोव्हिएत रशियाने लुना ३ सोडलं. ७ ऑक्टोबरला त्याने चंद्राच्या पलीकडल्या बाजूचे फोटो घेतले. फिल्म यानातच धुतली गेली, तिच्यावरून प्रकाशाची रेघ फिरवून चित्राचं विद्युतसंदेशात रूपांतर झालं आणि ते संदेश पृथ्वीवर आले. मधल्या या सगळ्या उलाढालीत चित्रं धूसर आणि डागाळलेली झाली. महिनाअखेरीस ती बीबीसीत पोहोचली तेव्हा 'द स्काय ॲट नाइट' थेट चालू होता. कुणीही कधी न पाहिलेला प्रदेश, मूर यांच्या हातात ताजं चित्र, आणि प्रेक्षक समोर. अशा चित्राची वरची बाजू कोणती हेही चटकन कळत नाही. भरवशाची खूण होती ती एका कडेला दिसणारा अंडाकृती काळा डाग, तेच मेअर क्रिसियम. तेराव्या वर्षी ज्याची बारीक विवरं मोजली त्याच्या आधाराने छत्तिसाव्या वर्षी चंद्राची मागची बाजू लोकांना उलगडून सांगितली. निवेदनाची तयारी म्हणतात ती ही, आणि ती आदल्या रात्री करता येत नाही.

कडेच्या याच पट्ट्यात मेअर ओरिएंटाल आहे. चंद्रावरच्या काळसर मैदानांना मेअर, म्हणजे समुद्र, म्हणतात. मूर आणि चंद्राचे दुसरे हौशी निरीक्षक ह्यू पर्सी विल्किन्स यांनी १९४०च्या दशकात त्याचं निरीक्षण करून वर्णन केलं, आणि मूर यांना त्याचा फार अभिमान होता. पण जर्मन निरीक्षक युलियस फ्रान्झ यांनी त्याची नोंद त्याआधीच केलेली होती, हेही सांगायला हवं. नावाचा अर्थ 'पूर्वेचा समुद्र', आणि नकाशात तो पश्चिम कडेला! १९६१ पर्यंत चंद्राच्या दिशा पृथ्वीवरून दिसणाऱ्या आकाशाप्रमाणे धरत. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या दिशा स्वीकारल्या, पूर्व-पश्चिम अदलाबदल झाली, नाव मात्र तसंच राहिलं.

मूर चुकलेही, आणि त्या चुका शिकण्यासारख्या आहेत. चंद्रावरची विवरं ज्वालामुखींमुळे झाली, या मताला ते फार काळ धरून होते. ती उल्कापिंडांच्या धडकांनी झाली आहेत हे पुढे निर्विवाद ठरलं. दुर्बिणीतून आकार नेमका दिसतो, पण तो कसा घडला हे दिसत नाही. निरीक्षकाची ही मर्यादा त्यांच्या बाबतीत स्पष्ट झाली. चंद्रावर क्षणिक चमक किंवा धुकटपणा दिसल्याच्या नोंदी ते गोळा करत. त्याला त्यांनी दिलेलं 'ट्रान्झियंट ल्युनर फिनॉमिना' हे नाव रूढ झालं आणि १९६८ मध्ये नासाने छापलेल्या अशा नोंदींच्या सूचीत ते सहलेखक होते. यातल्या कितीतरी नोंदी पृथ्वीच्या हवेच्या थरथरीमुळे झाल्या असाव्यात, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. अशा गफलती लुना ३ च्या चित्रांतही झाल्या. 'सोव्हिएत पर्वत' म्हणून नाव दिलेली रांग पुढच्या यानांना सापडलीच नाही, तो जमिनीवरचा उजळ पट्टा होता.

अपोलो चांद्रमोहिमांच्या काळात मूर बीबीसीच्या स्टुडिओत सादरकर्ते जेम्स बर्क आणि क्लिफ मिशेलमोर यांच्याबरोबर बसत. १९७० मध्ये नील आर्मस्ट्राँग त्यांच्या कार्यक्रमात आले. आज ही सगळी चित्रफीत बघावी म्हटलं तर मिळत नाही. अपोलो ११ चं बीबीसीचं बहुतेक प्रक्षेपण नष्ट झालं आहे आणि 'द स्काय ॲट नाइट'चे सुरुवातीचे कित्येक भागही. थेट कार्यक्रम जपायचा तर पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून तो मुद्दाम उतरवावा लागे. पुढे चित्रफिती आल्या, पण त्या महाग म्हणून पुसून परत वापरत. घरोघरी व्हिडिओ येईल आणि जुना कार्यक्रम कुणाला परत पाहावासा वाटेल, हा विचारच तेव्हा नव्हता. हे नुकसान भरून येणारं नाही.

थेट प्रक्षेपणात काय बिघडतं याचा सर्वांत चांगला धडा १४ मार्च १९८६ च्या रात्रीचा आहे. युरोपचं जिओटो यान हॅलेच्या धूमकेतूच्या गाभ्यापासून ५९६ किलोमीटरवरून गेलं. मूर जर्मनीत डार्मश्टाटच्या नियंत्रण केंद्रात होते. शास्त्रज्ञांनी पडद्यावर जी चित्रं सोडली ती कृत्रिम रंगांची होती. प्रकाशाची प्रत्येक पातळी वेगळ्या रंगात, म्हणजे प्रखरतेचा नकाशाच. अभ्यासाला ते सोयीचं. पण प्रेक्षकाला दिसले ते लाल-निळे-हिरवे डाग, आणि त्यात गाभा कुठला हे मूर यांनाही पटकन सांगता येईना. त्यात धुळीच्या माऱ्याने यान डगमगून सर्वांत जवळ पोहोचण्याच्या काही सेकंद आधी चित्रं थांबली. करड्या छटांतलं साधं चित्र शेजारी ठेवलं असतं तर निम्मा गोंधळ वाचला असता. ११ ऑगस्ट १९९९ च्या खग्रास ग्रहणाला कॉर्नवॉलमध्ये ढगांनी दगा दिला. दोन मिनिटांची खग्रास स्थिती, अंधार झालेला सगळ्यांना कळला, सूर्य काही दिसला नाही. अशा वेळी 'काय दिसायला हवं होतं' यापेक्षा 'आत्ता इथे काय होतंय' हे सांगावं लागतं: गार पडलेली हवा, क्षितिजाकडची पिवळसर कड. एकदा बोलता बोलता तोंडात माशी गेली तेव्हा मूर यांनी ती गिळली आणि वाक्य पूर्ण केलं.

चुकलेला तो एकमेव भाग जुलै २००४ चा. हंसिणीच्या अंड्यातून साल्मोनेलाची विषबाधा झाली आणि ते रुग्णालयात होते. त्यांच्या जागी तरुण खगोलशास्त्रज्ञ ख्रिस लिंटॉट उभे राहिले. वय वाढलं, संधिवाताने बोटं आखडली, टंकलेखन थांबलं, चाकांची खुर्ची आली. तेव्हा कार्यक्रमच त्यांच्या घरी गेला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सेल्सी गावातलं 'फार्दिंग्ज' हे त्यांचं घर, मागे दुर्बिणी. प्रत्यक्ष निरीक्षण आणि प्रवास लिंटॉट, पीट लॉरेन्स, पॉल एबल अशा तरुण मंडळींनी करायचा, आणि मूर यांनी खुर्चीत बसून त्यांना प्रश्न विचारायचे. सादरकर्त्याची जागा अशी हळूहळू सोपवली गेली म्हणून त्यांच्यानंतरही कार्यक्रम बंद पडला नाही. २०१३ मध्ये तो थांबणार अशी शंका येताच प्रेक्षकांनी सह्यांची मोहीम काढली. २०१४ पासून तो बीबीसी फोरवर गेला आणि लिंटॉट यांच्या जोडीला शास्त्रज्ञ मॅगी अॅडरिन-पोकॉक आल्या. त्याच मूर यांनी २००७ मध्ये एका मुलाखतीत बायकांमुळे बीबीसीचा दर्जा घसरला असं म्हटलं होतं. इंग्लंडमध्ये येणाऱ्या परदेशी लोकांविषयीही त्यांची मतं कडवट होती. त्यांच्या कामाचा आदर करताना हे झाकून ठेवू नये.

मानसन्मानांचं एका ओळीत: २००१ मध्ये सर हा किताब, रॉयल सोसायटीचं सन्माननीय सदस्यत्व आणि बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-टीव्ही अकादमीचा सन्मान, सगळं एकाच वर्षी.

आता वाचकाच्या उपयोगाचं. दुर्बीण घ्यायची घाई करू नका, हा मूर यांचा कायमचा सल्ला. आधी ७×५० ची द्विनेत्री घ्या. यातला ७ म्हणजे किती पट मोठं दिसणार, आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुर्बीण घ्यायचीच तर भिंगाची किमान तीन इंची, आरशाची किमान सहा इंची. त्यांची स्वतःची पहिली दुर्बीण तीन इंची होती, किंमत साडेसात पौंड. खोक्यावर '५०० पट' छापलेली छोटी दुर्बीण घेऊ नये. दर इंचाला पन्नास पट ही वरची मर्यादा, म्हणजे तीन इंचीला १५०. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण पुसट होतं आणि डुलणाऱ्या तकलादू तिकाटण्यावर तर टिकतच नाही. निरीक्षण केलं की लगेच लिहा: तारीख, जागतिक वेळ (आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा), दुर्बीण, किती पट, आणि हवा किती स्थिर होती ते एक ते पाच या आकड्यात, एक म्हणजे अगदी स्थिर, पाच म्हणजे काहीच धड दिसत नाही. या पाच गोष्टी नसतील तर ती नोंद दुसऱ्याच्या कामाची राहत नाही.

मूर यांच्या कामातला आपल्याला सगळ्यांत जवळचा भाग म्हणजे कॉल्डवेल यादी. अठराव्या शतकातले फ्रेंच निरीक्षक शार्ल मेसिए यांच्या प्रसिद्ध यादीत न आलेले १०९ तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका त्यांनी १९९५ मध्ये एकत्र केल्या. 'एम' अक्षर मेसिएंनी घेतलेलं, म्हणून कॉल्डवेल-मूर या आपल्या पूर्ण आडनावातला 'सी' त्यांनी वापरला. यादीचा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो: सी १ उत्तर ध्रुवाजवळ, सी १०९ दक्षिण ध्रुवाजवळ. त्यामुळे आपल्या गावाहून कुठवर दिसेल ते क्रमांकावरूनच कळतं. सेल्सी जवळजवळ ५१ अंश अक्षांशावर असल्याने यादीच्या शेवटी असलेल्या बऱ्याच गोष्टी मूर यांना घरून कधीच दिसत नव्हत्या. पुणे साडेअठरा अंशांवर आहे, तिथून त्यातल्या बहुतेक दिसतात.

सी १४, ययाती तारकासमूहातला जुळा तारकागुच्छ, डिसेंबरच्या मध्यात रात्री सव्वानऊ-साडेनऊला उत्तरेला ५१ अंशांवर असतो. द्विनेत्रीत दोन्ही गुच्छ एकदम मावतात. सी ८०, ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ, मेच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास बरोबर दक्षिणेला २४ अंशांवर येतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, तेव्हा क्षितिजापासून अडीच मुठी मोजायच्या. शहराबाहेर, दक्षिणेला दिव्यांचा उजेड नसेल अशी जागा हवी. द्विनेत्रीत तो कापसाच्या बोंडासारखा दिसतो, सहा इंची दुर्बिणीत कडेचे तारे सुटे होऊ लागतात. सी ९२, कॅरिना तेजोमेघ, जेमतेम बारा अंशांवर चढतो, त्यामुळे डोंगराची आड नको. आणि सी १०६, ४७ टुकाने हा तसाच गोलाकार तारकागुच्छ, पुण्याच्या क्षितिजाखाली अर्ध्या अंशाने राहतो. गोव्यातून तो दोन-अडीच अंश वर येतो, पण एवढ्या खाली हवा त्याचा उजेड गिळून टाकते. तो पाहायचा तर कन्याकुमारी गाठायची. डिसेंबरच्या मध्यात, अंधार पडल्या पडल्या, सव्वासातच्या सुमारास, समुद्राकडे तोंड करून क्षितिजापासून एक मूठ वर.